अपघाती मृत्यूचा दावा आणि वकिलाचा 'टक्का'

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रस्ते अपघातात कोणी दगावल्याची बातमी आपल्या दैनिकात बहुधा 'पोलिसांनी गुन्हा दाखल केला असून पुढील तपास सुरू आहे' या वाक्याशी संपते. मृताच्या कुटुंबाचे न्यायालयीन काम मात्र तिथून सुरू होते, आणि त्यातला पहिला निर्णय, म्हणजे वकील कोणता द्यावा आणि त्याला फी कशी द्यावी हा, घरात कोणीच भानावर नसताना घेतला जातो. जिल्हा न्यायालयातील मोटार अपघात दाव्यांच्या शाखेत माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. त्या एका निर्णयाचे पुढे काय होते ते दप्तरातून रोज दिसत असे, म्हणून हे पत्र.

पद्धत साधारण अशी असते. उपजिल्हा रुग्णालयात शवविच्छेदन होऊन प्रेत ताब्यात मिळेपर्यंत कोणीतरी 'मदत करणारा' नातेवाइकांना भेटलेला असतो. तेराव्याच्या आत तो घरी येतो, 'तुम्हाला एक रुपया खर्च नाही, जे मिळेल त्यातून बघू' असे सांगतो आणि छापील वकीलपत्रावर, दोन-तीन कोऱ्या कागदांवर, प्रसंगी मुद्रांकावरही मृताच्या पत्नीची सही किंवा अंगठा घेऊन जातो. ज्याच्या नावाने हे वकीलपत्र असते त्या वकिलाला तिने पाहिलेलेही नसते. निकाल लागून रक्कम जमा होण्याची वेळ आली की तिच्या नावाने नवे खाते उघडले जाते, त्याचे चेकबुक 'सोयीसाठी' दुसऱ्याकडे राहते आणि रकमेचा ठरलेला, किंवा कधी न ठरलेलाही, टक्का त्यातून वळता होतो. सगळेच वकील असे करतात असे मी म्हणत नाही. ठरावीक फी घेऊन किंवा न घेताही मन लावून दावे चालवणारे वकील मी पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण टक्क्याची ही रीत इतकी रुळली आहे की तीच कायदेशीर आहे असे पक्षकारांना वाटते, आणि माझा मुद्दा नेमका इथे आहे.

ती कायदेशीर नाही. वकिलाने खटल्याच्या निकालावर अवलंबून फी ठरवू नये आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्याचा करार करू नये, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत स्पष्ट नियम आहे. अमेरिकेत मृत्यूच्या भरपाईचे दावे अशाच वाट्यावर उघडपणे चालतात. आपल्याकडे ते व्यावसायिक गैरवर्तन ठरते, आणि हे आजचे नाही. वसुलीतील निम्मा वाटा घेण्याचा करार पक्षकाराशी केल्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने एका वकिलाला सहा महिने व्यवसायास बंदी केली होती, ते प्रकरण १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे गेले आणि तेथेही असा करार गैरवर्तनच ठरला. अलीकडचा निकाल डिसेंबर २०१७ चा आहे. तेलंगणमधील एका महिलेचा पती रस्ते अपघातात गेला होता. भरपाई मिळाल्यावर वकिलाने टक्केवारीच्या हिशेबाने फी मागितली, आधी दिलेल्या रकमेवर आणखी १० लाखांचा चेक लिहून घेतला आणि तो न वटल्यावर तिच्यावरच फौजदारी खटला गुदरला. न्या. आदर्श कुमार गोयल आणि न्या. उदय लळीत यांच्या खंडपीठाने तो खटला रद्द केला. दाव्याच्या रकमेवर टक्क्याने ठरवलेली फी सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, त्यामुळे त्या फीपोटी दिलेल्या चेकवर असा खटला उभा राहू शकत नाही, असे खंडपीठाने म्हटले. आपल्या जिल्ह्यातील किती विधवांना हे माहीत आहे? 'चेक दिला नाहीत तर केस होईल' एवढे मात्र बहुतेकींना सांगितलेले असते.

टक्का म्हणजे नक्की काय जाते, हे भरपाईचा हिशेब पाहिल्याशिवाय कळत नाही. हा हिशेब सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी बराचसा ठरवून दिला आहे. समजा, ३४ वर्षांचा एक गवंडी महिन्याला १५,००० रुपये मिळवत होता आणि मागे पत्नी, दोन मुले व आई आहेत. वर्षाचे १,८०,००० झाले. चाळिशीच्या आतला, स्वतःचा धंदा करणारा माणूस असल्याने पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी त्यात ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २,५२,०००. तो स्वतःवर जे खर्च करत असेल त्यापोटी, अवलंबून असणारे चौघे असल्याने, चौथा हिस्सा वजा करायचा. उरले १,८९,०००. त्याच्या वयाला १६ हा गुणक लागतो, म्हणून ३०,२४,०००. अंत्यसंस्कार, सहवासाला मुकणे वगैरे ठरीव रकमा यावर वेगळ्या. ही ३० लाखांची रक्कम ऐकताना मोठी वाटते, पण ती त्या माणसाच्या घरी येणाऱ्या पैशांची सोळा वर्षे आहेत. वकिलाने २० टक्के घेतले तर ६,०४,८०० गेले, म्हणजे सोळांपैकी तीन वर्षांहून अधिक. २५ टक्के घेतले तर बरोबर चार वर्षे. धाकटे मूल पहिलीत असेल तर चौथी पास होईपर्यंतचा बापाच्या कमाईचा आधार तिथेच संपला. टक्क्याची बोलणी करताना हा हिशेब कोणी मांडून दाखवत नाही.

वकिलांची बाजूही सांगायला हवी. दावा पाच-सात वर्षे रेंगाळतो, विमा कंपनी जबाबदारी नाकारते, उच्च न्यायालयात अपील होते, आणि या काळात झेरॉक्सपासून साक्षीदाराच्या भाड्यापर्यंतचा खर्च कित्येकदा वकीलच करतो. ज्या घरात चूल पेटायची पंचाईत आहे त्या घराकडून आगाऊ फी घेणे शक्य नसते, आणि टक्का नसेल तर हे दावे कोणी हाती घेणार नाही, असे वकील म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे हे मी मान्य करतो. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. टक्का बेकायदा असल्याने तो कागदावर येत नाही, कागदावर नसल्याने त्याला मर्यादा राहत नाही, आणि आरंभी 'दहा' म्हणून ठरलेला आकडा निकालाच्या दिवशी 'खर्च धरून' पंचवीस होतो तेव्हा पक्षकाराला दाद मागणे अवघड होते. बंदी आहे पण ती पाळली जात नाही, या अवस्थेत सगळा तोटा एकाच बाजूचा होतो. शिवाय जास्त रक्कम मिळाली म्हणून वकिलाचे काम जास्त असते असे नाही. गुणक कोष्टकातून येतो, वाढत्या कमाईची टक्केवारी वरच्या निकालांतून येते. पस्तिशीतला अभियंता आणि पस्तिशीतला हमाल यांच्या दाव्यांत वकिलाची मेहनत सारखीच, उलट हमालाच्या दाव्यात जास्त, कारण त्याचे उत्पन्न सिद्ध करायला कागद नसतो.

आणि मुळात, नवरा गमावलेल्या बाईला पैसे देऊन वकील करण्याची गरजच नसते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला आणि मुले यांना उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांनाही तो आहे, आणि बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असल्यास. म्हणजे मृताची पत्नी, आई आणि अज्ञान (१८ वर्षांखालील) मुले, अपघाती मृत्यूच्या दाव्यातील जवळजवळ सगळेच अर्जदार, या हक्कात बसतात. यात वकिलाची फी तर येतेच, शिवाय न्यायालयीन शुल्क, समन्सचा खर्च आणि कागदपत्रांचा खर्चही येतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती असते, आणि १५१०० हा क्रमांक फिरवला तरी चौकशी करता येते. ज्या इमारतीत ती बाई टक्क्यावर घेतलेल्या वकिलाच्या मागे तारखेला हेलपाटे घालते, त्याच इमारतीत बहुधा एका मजल्याच्या अंतरावर हे कार्यालय असते.

मोफत वकील म्हणजे नवशिका, काम न करणारा वकील, असा समज आहे. प्राधिकरणाच्या पॅनेलवरील (यादीतील) वकिलांना मिळणारे मानधन तुटपुंजे असते आणि कामाचा दर्जा सारखा नसतो, हे खरे. पण प्राधिकरणाने नेमलेला वकील लक्ष देत नसेल तर तो बदलून मागता येतो, आणि त्याने पक्षकाराकडून पैसे मागितले तर त्याची तक्रार करायला जागा आहे. खासगी टक्क्यावर नेमलेल्याची तशी कोणतीच तपासणी नसते.

ज्याला खासगी वकीलच करायचा आहे त्याने जरूर करावा, पण निवडताना 'किती मिळवून द्याल' हा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे प्रामाणिक उत्तर पहिल्या दिवशी कोणीच देऊ शकत नाही. 'त्यांची कमाई कशी सिद्ध कराल' हे विचारावे. वर दिलेल्या गवंड्याच्या दाव्यात सगळा खेळ त्या १५,००० रुपयांवर आहे. ते सिद्ध झाले नाहीत आणि न्यायाधिकरणाने (अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायासनाने) अंदाजे ९,००० धरले, तर तीच रक्कम १८,१४,४०० वर येते. चांगला वकील या प्रश्नावर लगेच कागद मागू लागतो: आयकर विवरणपत्र आहे का, बँकेचे उतारे, कंत्राटदाराची हजेरीवही, बांधकाम कामगार म्हणून नोंदणी, ज्यांची घरे बांधली त्यांच्यापैकी साक्षीला कोण येईल. मृत व्यक्ती गृहिणी असेल तर 'त्यांना उत्पन्न नव्हते' असे म्हणून जो वकील रक्कम कमी लावायला निघतो त्याच्याकडून वकीलपत्र परत घ्यावे. गृहिणीच्या श्रमाचे मोल धरलेच पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये सांगितले आहे.

दुसरा प्रश्न फीचा. एकूण किती, ती कोणत्या टप्प्यावर द्यायची, अपील झाले तर वेगळी का, आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मिळेल का, हे लिहून मागावे. लिहून द्यायला जो तयार नाही त्याला टाळावे. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वाहनाची आरसी आणि विमा पॉलिसी यांच्या झेरॉक्स द्याव्यात, मूळ प्रती न्यायालयात दाखल करताना त्यांची यादी करून त्यावर पोच घ्यावी. कोऱ्या कागदावर सही करू नये हे सांगायला लागू नये, पण लागते. छापील वकीलपत्रातही 'पक्षकाराच्या वतीने तडजोड करण्याचा अधिकार' देणारे कलम बहुधा असते, ते वाचून घ्यावे आणि नको असेल तर खोडून त्याशेजारी सही करावी.

या तडजोडीच्या कलमाचे महत्त्व लोकअदालतीत कळते. लोकअदालतीत दावा मिटला तर भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते आणि रक्कम लवकर हाती येते, म्हणून मी तिच्या बाजूचा आहे. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नाही. ३० लाखांचा दावा १४ लाखांवर मिटला तर तो कायमचा मिटला. ज्याची फी टक्क्यावर आहे आणि ज्याच्या कपाटात असे पन्नास दावे आहेत, त्याला आज मिळणारे १४ लाखांवरचे टक्के चार वर्षांनी मिळणाऱ्या ३० लाखांवरच्या टक्क्यांपेक्षा बरे वाटू शकतात. टक्क्यामुळे वकिलाचे आणि पक्षकाराचे हित एक होते असे जे सांगितले जाते त्यातला खोटेपणा इथे उघडा पडतो. आकडा मान्य करण्याआधी पक्षकाराने वरच्यासारखा हिशेब स्वतः मांडून घ्यावा आणि निर्णय स्वतः घ्यावा. वाटल्यास पुढच्या लोकअदालतीपर्यंत थांबावे.

सुरुवातीला सांगितलेले 'मदत करणारे' दलाल घाई का करतात, तर मुदतीचा बागुलबुवा दाखवता येतो म्हणून. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा दाखल करण्याची अट कायद्यात आली आहे. तिला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आहेत, पण त्या भरवशावर बसू नये, सहा महिन्यांच्या आत दावा लावावा. तरीही सहा महिने म्हणजे तेरा दिवस नव्हेत. त्याच तारखेपासून लागू झालेल्या नियमांनुसार तपासी पोलीस अधिकाऱ्याने अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला कळवायची आहे, मृताच्या कुटुंबाला त्यांच्या हक्कांची माहिती देणारा नमुना १० दिवसांत द्यायचा आहे आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आहे. हा अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरण्याची तरतूद कायद्यात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नियम काटेकोर पाळण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. कुटुंबाने वकिलाच्या शोधात निघण्याआधी पोलीस ठाण्यात जाऊन तो हक्कांचा नमुना मागून घ्यावा. दलाल घरी यायच्या आत तो हाती पडला तर निम्मे काम होईल.

दूरच्या अपघाताबाबत आणखी एक भीती घातली जाते. सोलापूरचा चालक पनवेलजवळ अपघातात दगावला की तिथलाच वकील लागेल, असे घरच्यांना सांगितले जाते. प्रत्यक्षात अर्जदार जिथे राहतात तिथल्या न्यायाधिकरणातही दावा दाखल करता येतो, त्यामुळे सोलापूरच्या कुटुंबाने सोलापुरातच वकील पाहावा. माणूस कामावर असताना वाहनाच्या अपघातात गेला असेल, तर मोटार वाहन कायद्याखाली जायचे की कामगारांच्या भरपाईच्या कायद्याखाली, यांतला एकच मार्ग निवडावा लागतो. बहुतेकदा पहिला फायद्याचा ठरतो, पण चूक मृत चालकाचीच असेल तर दुसरा. हे न विचारता अर्ज टाइप करायला घेणारा वकील टाळावा.

काही रकमांसाठी तर वकील लागतच नाही, आणि याच रकमा कुटुंबे सोडून देतात. दुचाकीचा मालक स्वतः चालवताना गेला असेल आणि त्याच्याकडे लायसन्स असेल, तर पॉलिसीत मालक-चालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का ते पाहावे. तो अर्ज थेट विमा कंपनीकडे करायचा असतो. शेतकरी कुटुंबातील १० ते ७५ वर्षे वयाची व्यक्ती असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात, त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जायचे, आणि मुदत थोडी असल्याने लवकर जायचे. मृताच्या बँक पासबुकात वर्षातून एकदा २० रुपये कापले गेल्याची नोंद असेल तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची असू शकते; तिथे २ लाख आहेत आणि अर्ज बँकेतच भरायचा आहे. अज्ञात वाहनाने उडवले असेल, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख मिळण्याची तरतूद आहे. यांपैकी कशावरही टक्का मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

घरातल्या घरात उभा राहणारा प्रश्न अवघड असतो. सून आणि सासू-सासरे एकाच वकिलाकडे जातात, तो वकील बहुधा सासऱ्यांनी आणलेला असतो, आणि वर्षभरात सून माहेरी गेली की तिच्या वाट्याचे काय यावर वाद पेटतो. कधी दोन्ही घरांकडून एकाच मृत्यूचे दोन वेगळे दावे दाखल होतात आणि विमा कंपनीचा वकील त्यांतल्या विसंगती आनंदाने दाखवून देतो. सुनेने आपला वेगळा वकील मागणे यात गैर काही नाही, आणि वर म्हटल्याप्रमाणे तो तिला मोफत मिळू शकतो. 'पुन्हा लग्न केलेस तर भरपाई जाईल' अशी धमकी दिली जाते, तीही खरी नाही; पुनर्विवाह केला म्हणून विधवेचा भरपाईचा हक्क जात नाही असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

रक्कम हाती येण्याच्या टप्प्यावर न्यायालयांनी बरीच तटबंदी केली आहे. अज्ञान मुलांचा वाटा मुदत ठेवीत ठेवावा, अशिक्षित अर्जदारांच्या रकमेवर संरक्षण असावे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकापासून सांगितले आहे, आणि मार्च २०२५ मध्ये भरपाई थेट अर्जदाराच्या बँक खात्यात जमा करण्याचे निर्देश दिले आहेत. तरी थेट जमा झालेले पैसे आगाऊ सही केलेल्या चेकने बाहेर काढता येतात. म्हणून खाते आपल्याच गावच्या किंवा तालुक्याच्या बँकेत, आपल्याच मोबाइल क्रमांकावर असावे, चेकबुक आपल्याजवळ असावे, आणि कोरा चेक दिलेला असेल तर बँकेला लेखी कळवून त्याचे पैसे थांबवावेत.

वकील बदलायचा झाला तर तो बदलता येतो. फी राहिली या कारणाने वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ठरवले आहे. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते. डॉक्टरविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते तसे वकिलाविरुद्ध मात्र जाता येत नाही, कारण वकिलाची सेवा ग्राहक कायद्याबाहेर आहे असा निकाल मे २०२४ मध्ये लागला आहे. तो निकाल मला पटलेला नाही, पण तो लागू आहे, आणि त्यामुळे वकील नेमतानाची सावधगिरी अधिकच मोलाची झाली आहे.

मृत्यू वाहनाच्या अपघातात झालेला नसेल तर दावा कुठे चालतो आणि मुदत किती, हे बदलते, आणि वकीलही त्या न्यायासनापुढे काम करणारा लागतो. लोकलमधून पडून मृत्यू झाला तर मुंबई किंवा नागपूर येथील रेल्वे दावा न्यायाधिकरणात एका वर्षाच्या आत जावे लागते. भरपाई ८ लाख ठरलेली आहे, त्यामुळे तिथे टक्क्याला कसलेच समर्थन नाही. रुग्णालयाच्या हलगर्जीपणाचा दावा ग्राहक आयोगात दोन वर्षांत दाखल करायचा असतो आणि तिथे पक्षकार स्वतः उभा राहू शकतो. भिंत कोसळून, विजेच्या तारेला चिकटून किंवा उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेलेल्यांसाठी अजूनही १८५५ चा प्राणांतिक अपघात कायदा आहे. तो दिवाणी न्यायालयात चालतो आणि मुदत मृत्यूपासून दोन वर्षे आहे.

उपाय म्हणून माझ्या काही सूचना आहेत. दाव्याच्या पहिल्याच तारखेला न्यायाधिकरणाने अर्जदार महिलेला मराठीत विचारावे की, मोफत वकिलाचा हक्क तिला माहीत आहे का आणि सध्याच्या वकिलाशी फी काय ठरली आहे; तिचे उत्तर रोजनाम्यात नोंदवावे. एवढ्या एका नोंदीने पुढचे बरेच व्यवहार टळतील. वकील संघटनांनी अपघात दाव्यासाठी टप्प्याटप्प्याने द्यायची ठोक फी किती असावी याचा तक्ता स्वतःहून बार रूमच्या बाहेर लावावा. प्रामाणिक वकिलांना त्याची अडचण वाटायचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक शिबिरांत भाषणे करण्यापेक्षा शवविच्छेदनगृहाच्या बाहेर बसले तर दलालाच्या आधी पोहोचतील. दलालीबद्दल शिक्षेची तरतूद २०२३ मध्ये वकील कायद्यात आली आहे, तिचा वापर जिल्हा न्यायालयांनी सुरू करावा.

आपल्या दैनिकाला एक विनंती. अपघाती मृत्यूच्या प्रत्येक बातमीखाली दोन ओळींची चौकट द्यावी: 'मृताची पत्नी, आई व मुले यांना भरपाईच्या दाव्यासाठी मोफत वकील मिळतो. दूरध्वनी १५१००, किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरण.' जागा फार लागणार नाही, आणि ती बातमी त्या घरात कोणी ना कोणी कापून ठेवतोच.

आपला विश्वासू,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी
सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)